तेरवी झालेला माणूस

योहानकाका स्वतःची ओळख करून देताना नाव नंतर सांगायचा. आधी सांगायचा, "मी मेलेला मानूस होय."

समोरचा दचकला की त्याला बरं वाटायचं. दचकला नाही तर तो पुन्हा सांगायचा.

आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या आठवडी बाजारात कांद्याचा ढीग आणि सुकटवाली बाई यांच्या मधल्या जागेत त्याची ताडपत्री असायची. ताडपत्रीवर ख्रिस्ती पुस्तकं. प्रार्थनेची, विश्वासाची, दारू सोडवण्याची, नवराबायकोनं एका छताखाली कसं राहावं याची, पोरं न मारता कशी वाढवावी याची. अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत, आणि सगळ्यांना सुकटीचा वास. काकाची त्याबद्दल तक्रार नव्हती. वासामुळे पुस्तक कोणी चोरत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

तेव्हा गोरेगावात मोबाइल नुकते दिसू लागले होते आणि मोबाइलवाल्यांबरोबर विमावालेही आले होते. एक विमावाला काकाच्या ताडपत्रीशी उकिडवा बसून मृत्यूनंतर काय काय मिळतं ते समजावत होता. काकानं सगळं शांतपणे ऐकलं आणि हात पुढे केला. "दे मंग. मी तं कवाचा मेलो." मतदारयादीचे कागद घेऊन फिरणाऱ्या मास्तरणीला त्यानं विचारलं होतं, मेलेल्याचं नाव यादीत राहतं का. ती पण आमच्याच भागातली. तिनं सांगितलं, नाव राहतं, मत मात्र दुसराच देऊन जातो.

बाजाराला हे सगळं ठाऊक होतं. जागेवरून भांडण झालं की कांदेवाला ओरडायचा, "अबे, मुर्द्यासंग कायले भांडून राहिला?" आणि भांडण संपायचं.

ही गंमत नव्हती. काकाची तेरवी खरोखर झाली होती.

तो मूळचा केशोरीचा. खात्यापित्या शेतकऱ्याच्या घरातला धाकटा मुलगा, नाव गोविंदा. तरुणपणी छातीच्या दुखण्यानं दूरच्या एका मिशनच्या दवाखान्यात बरेच महिने पडून होता. घरचे सुरुवातीला येत होते, मग धानाची कापणी आली, मग मळणी आली, मग येणं थांबलं. तिथल्या नर्सबाया त्याच्या उशाशी बसून पुस्तकं वाचायच्या. तो बरा झाला तो योहान होऊन. बातमी घरी आधी पोचली. बापानं पळसाच्या पानांचा पुतळा केला, गावाच्या नाल्याकाठी जाळला, मोठ्या भावानं, श्रावणनं, डोकं भादरलं आणि तेराव्या दिवशी गावाला जेवण दिलं. गोविंदा मेला, विषय संपला.

नेमका त्याच दिवशी हा पिशवी खांद्याला लावून बसमधून उतरला.

"माह्या तेरवीले मी टायमावर पोचलो," तो सांगायचा. "पंगत बसली होती. बुंदी लय चांगली होती म्हन्तेत. मले कोनी वाढलीच नाही."

बाजार हसायचा. मला हसू यायचं नाही. माझे बाबा विडी कामगारांची पत्रकं काढायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवर. पाटीवर 'कमळ' गिरवायच्या आधी मला 'कामबंद' वाचता येत होतं. बाबांच्या माघारी काकाच्या ताडपत्रीशेजारी एक फळी टाकून मी आमची पत्रकं वाटत असे. काका मला 'कामरेडबाई' म्हणायचा. मी त्याला काका म्हणायचे आणि देवावरून त्याच्याशी भांडायचे. गिऱ्हाईक नसलं की आमचं हेच चाले.

एकदा त्यानं माझं एक पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "तुया कागदात सब्बनच रागावून राहतेत वो. एखादा हासत नाही का?"

मी म्हटलं, "तुया पुस्तकात सब्बनच माफ करत सुटतेत. एखाद्याले शिक्षा होत नाही का?"

तो विचारात पडला. मग म्हणाला, पाहून सांगतो. पुढच्या बाजारी त्यानं खरंच सांगितलं की एका पुस्तकात एकाला झाली आहे, पण तो शेवटी सुधारतो.

पुस्तक विकण्याची त्याची रीत जगावेगळी होती. संसारावरचं पुस्तक तो एकट्या नवऱ्याला देत नसे. बायकोला घेऊन ये म्हणायचा. नवरा एकटा नेतो, वाचतो आणि बायकोला शिकवत बसतो, असा धंदा आपण करत नाही. सडक अर्जुनीच्या हायवेवर ट्रकांचे पंक्चर काढणारा एकजण बिचारा पुस्तकापायी बायकोला बसमध्ये बसवून घेऊन आला. दोघांची ताडपत्रीवरच जुंपली. आधी कोणी वाचायचं. काकानं दोघांना खाली बसवलं आणि एक ओळ तू, एक ओळ ती, असं अख्खं पहिलं पान मोठ्यानं वाचून घेतलं. बाई अडखळत वाचायची. नवऱ्याची ओळ लवकर संपायची आणि त्याला तिच्यासाठी थांबावं लागायचं. सुकटवाली म्हणाली, असं थांबलेलं तिनं आजवर कुठल्या नवऱ्याला पाहिलं नाही.

पोरं वाढवण्याचं पुस्तक मागितलं तर पोराला हजर करावं लागे. एका बापानं आपली सात-आठ वर्षांची मुलगी उभी केली. काकानं तिला विचारलं, देऊ का तुझ्या बापाला? पोरगी हुशार. तिनं आधी चौकशी केली, "याच्यात मारा म्हनून लिवलं का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मंग दोन द्या. एक मायले."

लग्न न झालेला माणूस संसारावर इतकं कसं बोलतो, असं कुणी छेडलं तर उत्तर तयार असे. मुर्द्याला पोरगी कोण देतं? प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत तो एकटा राहायचा. स्टोव्हवर भात लावायचा. सकाळचाच भात रात्री.

एका बाबतीत मात्र तो लोखंडासारखा होता. मूर्तीपुढे ठेवलेलं काही तो खात नसे. गणपतीतल्या मोदकापासून सप्त्याच्या भंडाऱ्यापर्यंत सगळ्याला हात जोडून नाही. पेढा घेताना हलवायाला विचारायचा, आज डबा कुठल्या फोटोपुढे ठेवला होता का. पोरांनी एकदा त्याला केळ दिलं, खाऊन झाल्यावर सांगितलं की मारुतीपुढचं होतं. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. काका उठला, बाजाराच्या मागच्या नालीवर गेला, घशात बोटं घातली आणि परत येऊन जागेवर बसला. डोळ्यांत पाणी होतं. पोरं हसायची थांबली. मी त्या पोरांना जे बोलले ते छापण्याजोगं नाही, पण नंतर मी काकालाही झापलं. केळाला धर्म असतो का? तो म्हणाला, "केळाले नाही वो. मले आहे."

असा हा माणूस. आणि केशोरीत त्याची आई जिवंत होती.

हे मला बऱ्याच उशिरा कळलं. केशोरीकडचं कुणी बाजारात आलं की काका त्याला धानाचं विचारायचा, तळ्याला पाणी किती आहे विचारायचा, कुणाच्या घराचं नवं छत झालं ते विचारायचा. आईचं नाव घ्यायचा नाही. एकदा मीच विचारलं, आईबाप कधी गेले. बाप गेला, म्हणाला. माय आहे. तेरवीच्या दिवसापासून आजपर्यंत त्यानं त्या घराचा उंबरा ओलांडलेला नव्हता. श्रावणचा कारभार होता, पोरं मोठी झाली होती, आणि घरात गोविंदाचं नाव मेलेल्या माणसासारखं घेतलं जात होतं.

माझं डोकं फिरलं. जिवंत माणसाला जाळायचं, वर बुंदी वाढायची, आणि म्हातारीला तिच्या पोराचं तोंड बघू द्यायचं नाही. याला परंपरा म्हणतात? हा बहिष्कार आहे आणि बहिष्कार गुन्हा आहे. मी दोन रात्री जागले नाही काही, एका दुपारीच पत्रक लिहून टाकलं. 'जिवंत माणसाची तेरवी जेवलेल्या केशोरीकरांना जाहीर सवाल.' श्रावणचं नाव घालून. केशोरीत घरोघर वाटायचं आणि मग काकाला घेऊन, चार कार्यकर्ते बरोबर, दिवसाढवळ्या त्या उंबऱ्यातून आत जायचं. कोण अडवतो बघू.

मसुदा काकाला दाखवला. त्यानं ओळीखाली बोट ठेवून सगळा वाचला. अक्षर चांगलं आहे म्हणाला. मग त्याची नीट घडी केली आणि घडीवर बसला.

"काका, उठ."

"मुर्दा उठते का?"

मी चिडले. म्हटलं, हा विनोद आता पुरे. तुझ्या आईचं वय झालं आहे, आज ना उद्या ती जाईल आणि तू इथं सुकटीच्या वासात बसून माफीची पुस्तकं विकत राहशील. तुला तिला भेटायचं नाही का?

आपल्याजवळचं एकुलतं एक काहीतरी कुणी हिसकावून नेईल तशा नजरेनं काका माझ्याकडे बघत होता.

"पोरी," तो म्हणाला, "तू मले जित्ता करशील. मंग मले जेऊ कोन घालन?"

मला समजलं नाही. तेव्हा त्यानं हळू आवाजात सांगितलं.

तेरवी झाली त्या वर्षी पितृपक्षात त्याला राहवलं नाही. आईला लांबून बघावं म्हणून तो केशोरीला गेला आणि घराच्या मागच्या सांदवाडीत, जिथं भाजीपाला लावतात तिथं, कुंपणाआड लपून बसला. आई पत्रावळ घेऊन बाहेर आली. त्याच्याच नावाची. नवीन मेलेलं पोर, त्याला पहिल्या वर्षी जेवू घालायचं होतं. कावळ्यांना हाका मारताना तिची नजर कुंपणाकडे गेली. ती थांबली. मग पत्रावळ छपरावर ठेवायची ती तिनं कुंपणापाशी जमिनीवर ठेवली आणि पाठ फिरवून आत गेली.

तेव्हापासून दर वर्षी ती वाढत होती आणि हा खात होता.

"जित्त्या गोविंदाले त्या घरात भाकर नाही," काका म्हणाला. "बाटलेला होय तो. मेलेल्याचा मात्र हक्क होय. त्याले कोनी ना नाही म्हनत. तुहा कागद वाटला का श्रावणले गावापुढं कबूल करा लागन का भाऊ जित्ता आहे. मंग पित्तर कोनाचा घालन माय?"

मी त्याला केळाची आठवण करून दिली. मूर्तीपुढचं केळ चालत नाही आणि मेलेल्याच्या नावाचं पान चालतं?

"नाही चालत. शास्त्रात नाही चालत."

"मग पास्टरसाहेबाले मालूम आहे?"

"त्याइले नाही सांगतलो. प्रभूले सांगतलो."

"प्रभू काय म्हणाला?"

"अजून तं काही म्हनाला नाही."

पितृपक्ष लागलेलाच होता, दोन दिवसांनी त्याचं पितर होतं. मी म्हटलं, मला बघायचं आहे. मला वाटलं तो नाही म्हणेल. तो म्हणाला चाल, पण तोंड बंद ठेवशील तर.

सकाळच्या बसनं निघालो, कोहमाऱ्याला बस बदलली. काकानं धुतलेला पांढरा सदरा घातला होता आणि दाढी केली होती. पुस्तकांची पिशवी बरोबर नव्हती. तिच्याशिवाय मी त्याला प्रथमच बघत होते. बसस्टँडवर मी भजी घेतली, त्याला पुढे केली. तो नको म्हणाला. भूक राखून ठेवली होती.

केशोरीत आम्ही गावाच्या बाहेरून, धानाच्या बांध्यांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे अरुंद बांधावरून चालत गेलो. धान पोटरीत आलं होतं. घराच्या मागं पोचलो तेव्हा आतून वड्यांचा वास येत होता. पुढच्या अंगणात एक दणकट म्हातारा उभा होता. कानशिलं काकासारखी, म्हणून ओळखला. श्रावण. त्यानं आमच्या बाजूला बघितलं नाही. मोठ्यानं म्हणाला, "कुत्रा बांधून ठेवा रे. पित्तराचा दिवस होय." मग स्वतःच कुत्र्याला धरून गोठ्यात नेलं, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि शेताच्या वाटेला लागला. माझ्या पत्रकातला खलनायक तो. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

म्हातारी आली. वाकून काटकोन झालेली, एका डोळ्यात फूल पडलेलं. हातात पळसाची पत्रावळ. भात, कढी, उडदाचे वडे, तांदळाची खीर. कुंपणापाशी तिनं ती जमिनीवर ठेवली, पण आत गेली नाही. बाजूच्या दगडावर बसली आणि पेरूच्या झाडाकडे तोंड करून कावळ्यांना हाक मारली.

काका कुंपणाच्या फटीतून आत सरकला, मांडी घातली आणि जेवू लागला.

म्हातारी झाडाशी बोलत होती.

"मंद खा. वडे गरम होत."

काकानं घास छोटा केला.

"औंदा लय वाळला हा कावळा. रोज खाऊन राहिला का नाही, कोन पाहते."

काका मान खाली घालून खात होता. मेलेल्यानं बोलायचं नसतं, हे दोघांमध्ये ठरवल्याशिवाय ठरलेलं होतं. तेवढ्यात एक खरा कावळा कुंपणावर येऊन बसला आणि पत्रावळीकडे मान वाकडी करून बघू लागला. काकानं सवयीनं त्याच्यापुढे भाताची चिमूट टाकली. म्हातारी खेकसली, "त्याले नोको देऊ. तो रोजचा होय."

मग तिला मी दिसले. एका डोळ्यानं तिनं मला निरखलं आणि पुन्हा झाडालाच विचारलं, "हे पोरगी कोनाची? हिचं कोन मेलं?"

मी तोंड बंद ठेवलं होतं. म्हातारीला माझ्याबद्दल अडचण पडली. पाहुणी उपाशी ठेववत नव्हती आणि पितराचं पान जित्याला देता येत नव्हतं. शेवटी ती उठली, झाडाचा एक पेरू तोडला आणि माझ्यापुढे धरला. "जित्त्याइले पेरू," ती म्हणाली.

काकाची पत्रावळ पुसल्यासारखी झाली. म्हातारीनं आतून खीर आणखी आणली, वाढली. वाढताना तिचा हात क्षणभर त्याच्या डोक्याच्या वर थांबला, टेकला नाही. मग ती आत गेली आणि दार ओढून घेतलं.

परतताना काका बसमध्ये झोपला. पोट भरलेल्या मुलासारखा.

ते पत्रक मी छापलं नाही. माझी मतं बदलली म्हणून नाही. त्या घरानं जे केलं तो अन्याय होता आणि वर्षातून एका पत्रावळीनं तो फिटत नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. पण ज्याच्यासाठी ते लिहिलं होतं त्याला त्याची किंमत जेवणानं चुकवावी लागणार होती, आणि ती ठरवणारी मी नव्हते.

त्याच हिवाळ्यात एका बाजारी एक शेतकरी काकाच्या ताडपत्रीशी थांबला. सोयऱ्याकडे आला होता, बाजार बघत फिरत होता. नातवासाठी चित्रांचं पुस्तक हवं होतं. काकानं गाव विचारलं. केशोरी म्हटल्यावर नेहमीसारखं धानाचं विचारलं. धान बरं पिकलं, तो म्हणाला. मग पुस्तकाची पानं चाळता चाळता सांगितलं, श्रावणभाऊची बुढी माय गेली, परवाच तेरवी झाली, गावजेवण होतं म्हणून निघायला उशीर झाला.

मी काकाकडे बघितलं. तो पुस्तकांची चळत सरळ करत होता. सरळ केलेली चळत पुन्हा सरळ करत होता.

"जेवून गेली का?" त्यानं विचारलं.

"हो. साजरा भात खाल्लन, आंग टाकलन, सकाळी उठलीच नाही," तो माणूस म्हणाला. मग त्याला विचित्र वाटलं असावं. "तुमची कोन लागे?"

मला वाटलं, आता ते नेहमीचं वाक्य येईल. कांदेवाल्यानंही मान वळवली होती.

"माय होय माही," योहानकाका म्हणाला. "मी गोविंदा. लहाना पोरगा."

त्या माणसाच्या हातातलं पुस्तक मिटलं. त्यानं काकाच्या तोंडाकडे, मग कानशिलांकडे बघितलं. तोही तेव्हा गोविंदाच्या तेरवीच्या पंगतीत बसला असेल. पळून जावं की काय करावं हे त्याला कळत नव्हतं. मग त्यानं डोक्याचा दुपट्टा काढला, वहाणा ताडपत्रीच्या बाहेर सोडल्या आणि काकाच्या शेजारी, मयताच्या घरी बसतात तसा, गुडघे जवळ घेऊन बसला.

सुकटवालीनं आपली टोपली थोडी सरकवून जागा करून दिली. बाजार उठेपर्यंत तो माणूस तिथंच बसून होता.